टिल्लू पेशीची टोपी

हेरंबने ही गोष्ट ऐकली फेब्रुवारीच्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी सव्वाअकराला. सांगितली प्रयोगशाळेतल्या पाध्येताईंनी. त्या तेव्हा सूक्ष्मदर्शकाची काच पुसत होत्या.

चार्वी नावाच्या मुलीच्या गुडघ्याला लंगडी खेळताना खरचटले. आत जंतू शिरले.

चार्वीच्या रक्तात राहत होती एक इवलीशी पेशी. तिचे नाव टिल्लू. टिल्लूला शिपाई व्हायचे होते. शिपायाला टोपी हवीच. पण टोपी कुठे आहे?

टोपी शूकाकांनी काढून ठेवली होती. शूकाका म्हणजे सगळ्यांना गप्प बसवणारी थोराड पेशी.

डुबुक डुबुक. टिल्लू निघाली.

"शूकाका, शूकाका, टोपी द्या ना."

"शू. माझा दोरा उलगडला, तर देईन."

दोरा होता काकांच्याच पोटात. काकांनी काय करायचे, ते सगळे दोऱ्यावर लिहिलेले.

डुबुक डुबुक.

"दोरेबुवा, दोरेबुवा, उलगडा ना. काका टोपी देईनात, मी शिपाई होऊ कशी?"

"चिमटाबाईंनी चिमटे काढले, तर उलगडेन."

चिमटाबाई दोऱ्याला चिमटे लावत. चिमटे होते सात. निदान सहा तरी.

डुबुक डुबुक.

"चिमटाबाई, चिमटाबाई, चिमटे काढा ना. दोरा उलगडेना, काका टोपी देईनात, मी शिपाई होऊ कशी?"

"निरोप्याने निरोप दिला, तर काढीन."

डुबुक डुबुक.

"निरोप्यादादा, निरोप्यादादा, निरोप द्या ना. चिमटे निघेनात, दोरा उलगडेना, काका टोपी देईनात, मी शिपाई होऊ कशी?"

"गुडघ्याने हाक मारली, तर देईन."

डुबुक डुबुक.

"गुडघोबा, गुडघोबा, हाक मारा ना. निरोप मिळेना, चिमटे निघेनात, दोरा उलगडेना, काका टोपी देईनात, मी शिपाई होऊ कशी?"

गुडघा लालेलाल झाला होता.

"अगं, मी सकाळपासून ठणकतोय. मला कुणी विचारलेच नाही."

मग गुडघ्याने हाक मारली. ठण ठण.
निरोप्याने निरोप दिला. सर सर.
चिमटाबाईंनी चिमटे काढले. टच् टच्.
दोरा उलगडला. सुर्र.
दोऱ्यावर लिहिले होते, 'आता टोपी द्या.'
काकांनी टोपी दिली.

टिल्लू शिपाई झाली. जंतू पळाले. चार्वी पुन्हा लंगडी खेळू लागली.

"झाले ना? आता शू," काका म्हणाले. चिमटाबाईंनी चिमटे परत लावले. टच् टच्.

टिल्लूने टोपी काढली. पण परत नाही दिली. उशाशी घेऊन झोपली.

हेरंबने नंतर सारे तपासून पाहिले. दोरा पाहिला, चिमटे पाहिले. टोपी देताना काका गालातल्या गालात हसले, असेही ताई म्हणाल्या होत्या. तेवढे मात्र त्याला कधीच पडताळता आले नाही. काचेखाली शूकाका दिसतात. त्यांचे गाल दिसत नाहीत.