गोमाजी आणि राखीव जंगलाचं गेट

खैरवाडीत भोळी माणसं पुष्कळ, पण गोमाजीसारखा भोळा गोमाजीच. नेमका त्यालाच गावच्या समितीनं जंगलाच्या गेटावर बसवला. माझं किराण्याचं दुकान गेटासमोर, म्हणून पाहिलेलंच सांगतो.

जंगल सरकारी, पण पर्यटकांचं गेट गावाच्या हाती. गाव ते नीट सांभाळतं का, हे बघायला वनखात्याचे साहेब येणार होते. गडबड दिसली, की गेट शहरातल्या ठेकेदाराला.

समितीच्या अध्यक्ष द्वारकाकाकू. त्यांनी बजावलं, "गोमाजी, आत प्लास्टिक नको. पाहुण्याच्या खांद्याला झोळी दिसली, की खुंटीला टांग आणि बिल्ला दे."

"बरं काकू."

एक जोडपं आलं. बाई माकडांचे फोटो काढण्यात दंग, नवरा फोनवर. गोमाजीनं नवऱ्याच्या खांद्यावरची झोळी उतरवली, टांगली, बिल्ला दिला. झोळी रडायला लागली.

"अहो, माझं बाळ!"

"ताई, बिल्ला दाखवा."

काकूंनी कपाळ बडवलं. "मेल्या, जित्या जिवाला टांगतात का? सावलीत बसवायचं, पाणी पाजायचं!"

"बरं काकू."

दुसऱ्या दिवशी शेळ्या आल्या. जंगलात चराईला बंदी. गोमाजीनं बें-बें करणारी करडं पाहुण्यांच्या बाकावर बसवली आणि एकेकाला कोकम सरबत पाजलं. तोवर शेळ्या आत शिरून काकूंनी लावलेली आवळ्याची रोपं फस्त करून आल्या.

"अरे, पिल्लू ओरडलं की आधी आई हुडकायची! तिला पिल्लापाशी आणली, की ती कुठं जात नाही."

"बरं काकू."

मग साहेब आले. फिरून खूश झाले. गेट गावाकडेच राहणार, सही तेवढी बाकी. काकूंनी प्रेमानं मधाचं मडकं जीपमध्ये ठेवलं. साहेबांनी मागच्या सीटवर बसून पेन काढलं, तोच खिडकीतून अस्वलाचं पिल्लू आत! मडक्यात तोंड अडकलं आणि ते केकाटायला लागलं.

ड्रायव्हर माझ्याकडे चहा पीत होता, तो उठेचना. काकूही पळत दुकानात आल्या. मी शटर ओढलं आणि फटीला डोळा लावला.

"गोमाजी," साहेब पुटपुटले, "काहीतरी कर रे बाबा!"

गोमाजी विचारात पडला. टांगायचं नाही. सावलीत तर ते होतंच. राहिली आई.

ती करवंदीच्या जाळीआड उभी होती, फुरफुरत.

"चल बाई, पोर रडतंय तुझं."

तिला सांगायची गरज नव्हती. ती निघालीच होती. गोमाजी पुढं धावला आणि अदबीनं जीपचं दार उघडलं.

"साहेब, जरा सरकून बसा. लेकुरवाळी हाय."