बोरजाईचा रस्ता

"आणि तेल घेऊन दुपारच्या आरतीआधी परत आलो, तर? तर आज अनुग्रह द्याल ना, बुवा?"

रखमाजीबुवा सायकलच्या चाकात हवा भरत होते. हात न थांबवता म्हणाले, "आधी जाऊन तर येऊ."

विचारणारा होता यशोधन. मठात त्याला दुसरं वर्ष लागलं होतं. या मठात अनुग्रह म्हणजे गुरूने शिष्याच्या कानात मंत्र सांगायचा, शेजारच्यालाही ऐकू जाऊ नये इतक्या हळू. त्याच्या मागून आलेल्या दोघांना तो मिळाला होता. याचे कान मात्र अजून कोरडेच होते, आणि ते त्याला फार लागलं होतं. पहाटेचा जप त्याने एक दिवस चुकवला नव्हता. अडचण एवढीच, की तो ते सगळ्यांना सांगत सुटायचा.

नंदादीपाचं तेल बोरजाईच्या घाण्यावरून आणायचं अशी मठाची रीत. भक्तांनी दिलेल्या दोन सायकली होत्या. एक नवी, एक बुवांच्या वयाची. नवी कुणी घेतली हे सांगायला नकोच.

निघताना बुवा अंगणात थांबले. शिखरावरच्या पताकेकडे पाहून त्यांनी हात जोडले.

"बुवा, देव आत आहे," यशोधन म्हणाला. त्याचा एक पाय पायडलवर होता.

"आतल्याला नमस्कार मघाशी झाला."

यशोधनने ते ऐकलं न ऐकलं, आणि तो सुटला.

मठ कड्याच्या टोकाला. मागे खाली कोकण, पुढे बोरजाईपर्यंत नुसत्या टेकड्या. रस्ता एका टेकडीवर चढतो, पलीकडे उतरतो, की लगेच दुसरी. भाद्रपद होता, पावसाने उसंत घेतली होती. सोनकीने उतार पिवळे केले होते, बांधाबांधाने तेरडा, आणि खाचरांत भात पोटरीला आलेलं. देवाने हा रस्ता सुट्टीच्या दिवशी, मजेत बसून केला असावा असं मला नेहमी वाटतं.

यशोधन चढावरसुद्धा उठून उभा राहिला नाही. सायकल आपली आपण जात होती. कानाशी कसला आवाज नाही, छातीत धाप नाही. प्रत्येक माथ्यावर तो थांबायचा, मागे वळून बुवांची वाट पाहायचा आणि मनातून सुखावायचा.

बुवा येत होते आपले सावकाश. एका वळणावर तर ते चक्क उतरले. बांधावरच्या बाईने हाक मारली होती.

"बुवा, काकडी खावा की! कवळी हाय."

"दे बाई. मीठ हाय का?"

मीठही होतं. बुवांनी बांधावर बसून काकडी खाल्ली. अर्धी यशोधनसाठी पंच्याच्या टोकात बांधून आणली.

घाण्यापाशी यशोधन त्यांची वाट पाहत उभा होता. "बघितलंत बुवा? एकदाही पाय टेकला नाही. म्हणजे टेकला, तो तुमच्यासाठी. हे सगळं जपाचं बळ."

"असंल," बुवा म्हणाले. "काकडी खा."

तेलाचा डबा बुवांनी आपल्याच सायकलला बांधला. यशोधनने "मी घेतो" म्हणायला थोडा उशीर केला, म्हणून ते राहूनच गेलं.

आणि दोघे परत फिरले.

पहिल्याच चढावर यशोधन उठून उभा राहिला. दुसऱ्यावर त्याची मान खाली गेली. समोरून असा वारा, की उतारावरही पायडल मारावं लागत होतं. डोळ्यांत पाणी, सदऱ्याचा फुगा, आणि कानांत नुसता घोंघाट.

"काय मेला वारा आहे!" तो ओरडला.

मागून हसण्याचा आवाज आला. बुवा त्याच्या मागच्या चाकाला चिकटून येत होते. डबा, वय, जुनी सायकल, सगळं घेऊन. वर गुणगुणत होते.

"बुवा... पुढं या ना तुम्ही!"

"नको रं. तुझ्या पाठीमागं लई बरं वाटतंय."

हा आशीर्वाद समजून यशोधनने आणखी थोडा जोर लावला. पण कौतुकाने वारा पडत नाही. पुढचा चढ त्याने सायकल हातात धरून, वाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत काढला. शेजारून बुवाही चालत होते. मध्येच म्हणाले, "सोनकी काय फुललीय बघ!" त्याने बघितलं नाही.

मठात पोचले तेव्हा आरती होऊन गेली होती. यशोधनने पायरीवर बसकण मारली. आता तो रडवेला झाला होता. सकाळपासूनची उमेद गेली, आणि दोष कुणाला द्यायचा ते त्याने वाटेतच ठरवून टाकलं होतं.

"वाऱ्याने घात केला, बुवा. नाहीतर मी वेळेत आलो असतो. जाताना पाहिलंत ना माझे पाय..."

बुवांनी डबा सोडला. देवापुढे नेऊन ठेवला. बाहेर येऊन त्याच्याशेजारी बसले.

"येताना वाऱ्याला शिव्या दिल्यास. बऱ्या होत्या, मला दोन नव्या कळल्या."

यशोधन ओशाळला.

"जाताना त्याला काय म्हणालास?"

"जाताना? जाताना वारा कुठं..."

तो थांबला.

बुवांनी फक्त वर पाहिलं.

यशोधननेही पाहिलं. शिखरावर पताका फडफडत होती. सकाळी होती तशीच, बोरजाईकडे तोंड करून, ताणलेली.

बराच वेळ तो बघत राहिला. मग आधी त्याला हसू आलं, चांगलं पोट धरून. आणि हसता हसता डोळे भरले. तो उठला. अंगणाच्या मध्यावर जाऊन, पताकेकडे पाहत, त्याने हात जोडले.

परत येऊन पायरीवर बसला. अनुग्रहाचं नाव त्याने काढलं नाही. म्हणाला, "बुवा, ती अर्धी काकडी फार गोड होती. मघाशी सांगायचं राहिलं..."

बुवा जवळ सरकले.

"हं. आता कान आण इकडं."