डावीकडचं गवत

एकदा एका शिष्याचा चेंडू सरळ जाईनासा झाला.

गावाबाहेरच्या माळावर गोल्फचं मैदान होतं आणि तिथं एक वृद्ध गुरू खेळ शिकवत. शिष्याची नजर तीक्ष्ण होती, अंगात जोर होता. पण लांबचा फटका मारायला गेला की चेंडू अर्ध्या वाटेवर गर्रकन डावीकडे वळायचा. खेळणारे याला हूक म्हणतात.

या वळणाची शिष्याला फारशी काळजी नव्हती. मैदानाच्या शेवटच्या पट्ट्याला उजव्या हाताला दगडाची जुनी खाण होती, पाण्यानं भरलेली. तिकडे गेलेला चेंडू बुडायचा आणि खेळणाऱ्याच्या नावावर दंडाचा एक फटका जास्तीचा चढायचा. डावीकडे मात्र नुसतं गवत. तिथला चेंडू सापडायचा, पुन्हा मारता यायचा. त्यामुळे तिथं येणारे सगळेच एकमेकांना सांगत, "चुकायचंच असेल तर डावीकडे चुका. डावीकडे चालतं."

त्या गवतात बाया कापणीला येत. त्यांत हौसा नावाची एक लेकुरवाळी होती. ती बांधावरच्या लिंबाला लुगड्याची झोळी बांधायची, झोळीत लेकीला निजवायची आणि एक कान तिकडे ठेवून विळा चालवायची.

संघाच्या निवडीची स्पर्धा जवळ आली, तेव्हा शिष्यानं हायब्रिड स्टिक घ्यायचं ठरवलं. लोखंडी स्टिकचा नेम आणि लाकडी स्टिकची लांबी एकत्र आणलेली ही स्टिक. गुरूंनी त्याच्यापुढे दोन ठेवल्या. एकीचा दांडा हलका, लवचीक, आणि तोंड किंचित आत वळलेलं. दुसरीचा दांडा जड, ताठ, आणि तोंड सरळ.

गुरू म्हणाले, "तुझे हात घाईचे आहेत. हलका दांडा घाईच्या हातात गेला की तोंड आणखी आत वळतं आणि चेंडू डावीकडे पळतो. तू ही जड घे."

शिष्यानं दोन्ही मारून पाहिल्या. "पण गुरुजी, हलकीनं चेंडू केवढा लांब जातो! जड म्हणजे उखळातलं मुसळच की. आणि हिनं चुकला तरी डावीकडेच जाणार ना? डावीकडे चालतं."

गुरूंनी काही बोलायच्या आत तो हलकी स्टिक खांद्यावर टाकून गेलासुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेवटच्या पट्ट्यावर त्यानं ती पहिल्यांदा पूर्ण ताकदीनं फिरवली. चेंडू उंच गेला, सुरेख गेला, आणि मग वळला. अशा वेळी "फोर" म्हणून ओरडायचा नियम आहे. ते ऐकून पुढच्या माणसानं डोकं झाकून खाली बसायचं असतं. शिष्य घसा फाटेस्तोवर ओरडला, "फोऽर!"

गवतात वाकून कापत असलेली हौसा ताडकन उभी राहिली. डोकं न झाकता, हातातला विळा टाकून ती लिंबाकडे धावली. चेंडू तिच्या डोळ्यावर बसला.

हौसा वाचली. डोळा गेला.

शिष्याला अन्न गोड लागेना. चौथ्या दिवशी तो गुरूंकडे आला आणि उंबऱ्याशीच बसून राहिला. मग म्हणाला, "गुरुजी, मी ओरडलो होतो. सगळ्यांनी ऐकलंय. नियमानं जे करायचं ते मी केलं. ती खाली बसली असती तर काही झालं नसतं. ती उभी का राहिली?"

"मला काय ठाऊक? तिला विचार."

"तिच्यापुढे कोणत्या तोंडानं जाऊ?"

"ज्या तोंडानं ओरडलास, त्याच तोंडानं जा."

शिष्य गेला. हौसा दारात बसून लेकीला भात भरवत होती. अर्ध्या चेहऱ्यावर पट्टी होती. त्याला पाहून तिनं पदर सारखा केला.

"बसा दादा. पानी देऊ का?"

तो बसला नाही. उभ्याउभ्याच त्यानं विचारलं, "हौसाबाई, मी ओरडलो ते ऐकलंत ना तुम्ही?"

"न ऐकून कुठं जाती? माळ दणाणला की."

"मग खाली का नाही बसलात? धावलात कशाला?"

हौसाचा हात भाताच्या घासासकट थांबला. तिला त्या विचारण्याचंच नवल वाटलं. "आता घ्या! तुमीच वरडला न्हवं, 'पोर' म्हनून? मला वाटलं, झोळीत साप शिरला, का फांदीच मोडली. पोर म्हनल्यावर आई खाली बसंल व्हय?"

शिष्य आता खाली बसला.

तिनं घास लेकीच्या तोंडात दिला. "पोर धड हाय. बास झालं. एका डोळ्यानं पोर निम्मी दिसंल आसं वाटलं हुतं. तर न्हाई, पुरी दिसती." ती हसली. मग तोंड फिरवून बराच वेळ भात कालवत बसली. ताटलीत कालवण्याजोगा भात उरला नव्हता.

शिष्य परत आला तो रडवेला होऊन. "गुरुजी, त्या सगळ्या बायांना तो शब्द शिकवू या."

"शिकव. पण झाडाला झोळी बांधलेली असेपर्यंत त्यांना 'पोर'च ऐकू येणार."

"मग त्यांना दुसरीकडे कापायला सांगू."

"गवत दुसरीकडे उगवतं का?"

एवढं बोलून गुरू उठले. त्यांनी जड हायब्रिड शिष्याच्या हातात दिली, त्याची हलकीही बरोबर घ्यायला लावली, कोपऱ्यातला एक विळा घेतला आणि त्याला शेवटच्या पट्ट्यावर नेलं. बाया अजून आल्या नव्हत्या. गुरू तडक डावीकडच्या गवतात शिरले, हौसा कापायची त्या जागी शिष्याकडे पाठ करून बसले आणि गवत कापू लागले.

"मार," ते तिथूनच म्हणाले.

"गुरुजी, हे काय करताय? उठा तिथून!"

"का रे? तुला ओरडता येतं की. ओरड. मी वाकेन."

शिष्यानं हलकी स्टिक धरली. चेंडूपाशी पाय रोवले. समोर गवतातून गुरूंचं पांढरं डोकं तेवढं वर दिसत होतं आणि विळा खस्स खस्स चालला होता. त्यानं स्टिक उचलली, खाली ठेवली. पुन्हा उचलली. शेवटी ती स्टिक त्यानं बाजूला टाकून दिली.

मग जड स्टिक घेतली. हिच्यासाठीही हात लवकर उठेना. पण दांड्याच्या वजनानं हाताची घाई मोडली आणि त्यानं सावकाश फिरवली. चेंडू बेताचा गेला, शेवटी जरा उजवीकडे झुकला आणि खाणीत पडला. डुबुक असा आवाज आला.

विळा थांबला. गुरू गुडघ्यावर हात टेकून उठले.

"गुरुजी, चेंडू बुडाला," शिष्य म्हणाला.

"ऐकलं. कुणाचा बुडाला?"

"माझा."

"एवढंच शिकायचं होतं. बाळ, चूक होणार नाही अशी स्टिक अजून कुणी घडवलेली नाही. तू दोन्ही मारून पाहिल्यास आणि कोणती लांब जाते तेवढं पाहिलंस. चुकली तर कुठं जाते आणि तिथं कोण बसलंय, हे पाहिलं नाहीस. तुम्ही सगळे म्हणता, डावीकडे चालतं. ते कुणाला चालतं, हे कुणी विचारत नाही. चुकीची किंमत ज्याची त्यालाच पडली तर तो खेळ आहे. ती दुसऱ्यावर पडत असेल, तर तुझं ओरडणं म्हणजे मारून झाल्यावर केलेला नमस्कार. आज तिथं मी बसल्यावर हलक्या स्टिकला तुझा हात उठला नाही. त्या दिवशी उठला, कारण तिथं तुझं कुणी नव्हतं."

हलकी स्टिक उचलायला शिष्य पुन्हा वाकला नाही.

स्पर्धेच्या दिवशी शेवटच्या पट्ट्यावर तो बरोबरीत होता. एका लांब फटक्याचा प्रश्न होता. मागून कुणीतरी म्हणालं, "हाण रे जोरात! चुकला तरी डावीकडे चालतं."

त्यानं डावीकडे पाहिलं. लिंबाला झोळी होती. खाली हौसा वाकलेली होती, दिसत्या डोळ्याची बाजू झाडाकडे करून. त्यानं जड स्टिक घेतली आणि सावकाश फिरवली. चेंडू उजवीकडे झुकला आणि खाणीत गेला. निवड दुसऱ्याची झाली.

त्याला ओरडावं लागलं नाही. गवतात विळ्याचा आवाज चालूच होता.

आपल्या हातून चुकणं टळत नाही. पण ती चूक कुणाच्या झोळीकडे जाईल, हे हात उचलण्याआधी पाहता येतं.