गेरूची रेघ

एका डोंगरावर एक विद्यापीठ होतं आणि त्या विद्यापीठाला एक वाटाड्या होता. त्याचं नाव अंतोबा. डोंगर चढायला वाटाड्या कशाला, असं तुम्हाला वाटेल. डोंगराची वाट तर गुरांनाही सापडते. अवघड असतं ते वर पोचल्यावरचं. तिथं बारा शाळा, शंभर नियम, आणि दरवर्षी येणारी नव्वदेक नवी पोरं. त्यातल्या निम्म्यांनी गावची जत्रा सोडली तर गर्दी पाहिलेली नसे. त्यांना तीन दिवसांत मार्गी लावायचं, हे अंतोबाचं काम.

पहिला दिवस फेरीचा. त्या दिवशी तो सगळ्यांना सगळीकडे हिंडवून आणी. दुसरा दिवस सल्ल्याचा. कुणी काय शिकावं, कशाच्या आधी काय शिकावं, कोणते दोन पाठ एकाच प्रहरी येतात, ते तो समजावून देई. तिसरा दिवस नोंदीचा. प्रत्येकाला एक लाकडी बिल्ला मिळे. त्यावर नाव लिहायचं नाही, आपल्या मनानं एक खूण कोरायची. तिसऱ्या दिवशी सकाळी नगारा वाजला की हव्या त्या शाळेच्या दारी जायचं आणि खुंटीला बिल्ला अडकवायचा. खुंटीची पितळी कडी खट्‌कन बसे. सूर्य मावळला की नोंद पक्की.

यात घाबरण्यासारखं काय आहे? काहीच नाही. पण अंतोबाचं म्हणणं असं, की पोरं घाबरली म्हणजे सावध राहतात. म्हणून फेरीच्या दिवशी तो त्यांना आधी ग्रंथशाळेत नेत नसे, की पिण्याचं पाणी कुठं आहे तेही दाखवत नसे. तो त्यांना थेट बादभिंतीपाशी नेई.

बादभिंत काळ्या दगडाची होती. तिच्यावर आजवर बाद झालेले सगळे बिल्ले टांगलेले होते. प्रत्येकावर गेरूची एक आडवी लाल रेघ. अंतोबा काठीनं एकेक बिल्ला वाजवायचा आणि त्याची हकिगत सांगायचा. हा रडत गेला. हा घरी गेलाच नाही. सगळ्यात शेवटी एक बिल्ला होता, त्यावरची खूण कुणीतरी खरवडून टाकली होती. त्यापाशी अंतोबा आवाज खाली आणून म्हणायचा, "आणि हा सगळ्यात मोठा गाढव. एक वाक्य बोलला असता तर वाचला असता." कोणतं वाक्य, ते तो सांगत नसे.

त्या वर्षीच्या पोरांत राही नावाची एक मुलगी होती. घाटापलीकडच्या आडदऱ्याची. आडदऱ्यात वैद्य नव्हता. सर्वांत जवळचा वैद्य दोन दिवसांच्या वाटेवर. राहीची थोरली बहीण बाळंतपणात गेली, तेव्हा माणसं वैद्याला आणायला निघालेली होती आणि ती अजून घाटातच होती. राहीनं तेव्हाच ठरवलं, आपण वैद्यक शिकायचं. गावच्या मंडळींनी पुष्कळ वाद घातला आणि शेवटी तिला एकदाच पाठवायचं कबूल केलं. ते स्पष्ट म्हणाले, तू रिकाम्या हातानं परत आलीस तर या गावातून पुन्हा एकही मुलगी वर जायची नाही. राहीनं बिल्ल्यावर पाळणा कोरला होता. त्या नव्वद जणांत मागं उभी राहून ती भिंतीवरच्या लाल रेघा बघत होती.

अंतोबाला त्या दिवशी भलताच रंग चढला. पोरांचे चेहरे पांढरे पडत होते, तसतसं त्याचं बोलणं वाढत होतं. तो म्हणाला, वैद्यशाळेला खुंट्या चाळीसच आहेत आणि वैद्य तर प्रत्येकालाच व्हायचं असतं, तेव्हा डोळे उघडे ठेवा. खरं सांगायचं तर त्या चाळीस खुंट्या कधीच भरल्या नव्हत्या. पण ते सांगितलं तर कोण घाबरणार? बोलण्याच्या भरात एक गोष्ट मात्र सांगायची राहून गेली. दरवर्षी तो भिंतीपासून निघताना सांगत असे, की नगारा वाजायच्या आधी खुंटीला हात लावू नका. त्या वर्षी ते राहिलं.

दुसऱ्या दिवशी सल्ला झाला. अंतोबानं एकदाच सगळं सांगितलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि विचारलं, "कळलं ना?" नव्वद माना हलल्या. त्यातल्या साठ जणांना काही कळलं नव्हतं, पण विचारायची छाती कुणाची झाली नाही. खुंट्या कधी उघडतात, एवढं साधंही कुणी विचारलं नाही.

राहीच्या डोक्यात चाळीस हा आकडा बसला होता. दुपारी सगळे जेवायला गेले, तेव्हा ती वैद्यशाळेच्या दारी गेली. तिथं कुणी नव्हतं. सतराव्या खुंटीला तिनं बिल्ला अडकवला. कडी खट्‌कन बसली. आपली जागा धरली, असं वाटून तिला दोन दिवसांत पहिल्यांदा नीट भूक लागली.

तिसऱ्या दिवशी नगारा वाजवणारा चौथऱ्यावर चढला. नगाऱ्यावर टिपरी पडण्याआधी त्यानं नियम वाचला. नगाऱ्याआधी बसलेली कडी बाद. जुनी पोरं ओळखीपाळखीच्यांसाठी खुंट्या अडवून ठेवू लागली होती, तेव्हापासूनचा हा नियम. अशा बिल्ल्यावर नगाऱ्याआधीच गेरूची रेघ ओढली जाते आणि ज्याचा बिल्ला असेल त्याला वर्षभर दार बंद. मात्र कुणी अजाणता केलं असेल, तर त्यानं सूर्य मावळायच्या आत वाटाड्यासमोर आपल्या तोंडानं सांगावं, की हा बिल्ला मी अडकवला, कडी उघडा. वाटाड्या किल्लीनं कडी उघडेल, रेघ पुसली जाईल, बिल्ला पुन्हा लावता येईल.

मग नगारा वाजला. राहीला तो ऐकूच आला नाही. ती वैद्यशाळेकडे धावली. सतराव्या खुंटीवर तिचा पाळणा होता आणि पाळण्यावरून लाल रेघ गेली होती. गेरू अजून ओला होता. आजूबाजूच्या खुंट्या तिला दिसल्याच नाहीत. तिनं कडी ओढून पाहिली, नखानं उचकटून पाहिली. बोट कापलं, कडी हलली नाही.

उपाय अगदी पन्नास पावलांवर होता. चिंचेच्या झाडाखाली अंतोबा किल्ली घेऊन बसला होता. जायचं आणि एक वाक्य बोलायचं. राही तीनदा निघाली. तिन्ही वेळा तिला तो काठीनं बिल्ले वाजवताना दिसला. उद्या तो आपलाही बिल्ला असाच वाजवेल आणि म्हणेल, ही आडदऱ्याची गाढव. तिन्ही वेळा ती मागं फिरली. कुणी विचारलं, लावलास का बिल्ला, तर ती हो म्हणाली. आणि ते खोटंही नव्हतं.

अंतोबा तिसऱ्या प्रहरी खुंट्या मोजायला उठला. दरवर्षी एखाद-दुसरी लाल रेघ असायची आणि तिचा धनी सकाळीच रडत येऊन जायचा. या वर्षी कुणी आलं नव्हतं, म्हणून तो खुशीत होता. मग त्याला वैद्यशाळेत चार रेघा दिसल्या. शिल्पशाळेत तीन. गणितशाळेत दोन. असं करत करत अकरा.

अकरा पोरं. अंतोबा तिथल्या तिथं पायरीवर बसला. अकरा जण एकच चूक कशी करतील? आणि मग त्याला भिंतीपाशी काय राहून गेलं ते आठवलं. नियम कुलगुरूंनाही मोडता येत नसे. किल्ली त्याच्या हातात होती, पण धनी बोलल्याशिवाय ती चालवायची नाही. आणि बिल्ल्यांवर नावं नव्हती. पाळणा कुणाचा, कोंबडा कुणाचा, त्याला काय ठाऊक!

त्यानं सगळ्यांना अंगणात बोलावलं. म्हणाला, ज्यांच्या बिल्ल्यावर रेघ आहे त्यांनी पुढं या. कुणी हललं नाही. त्यानं आवाज मऊ केला. म्हणाला, मी कुणाला रागावणार नाही. तरीही कुणी हललं नाही. ज्या माणसानं दोन दिवस भेडसावलं, त्याच्या गोड बोलण्याची पोरांना आणखीच भीती वाटली. राही तर मागच्या रांगेत सरकली. तिला वाटत होतं, सगळ्या विद्यापीठात चुकलेली आपण एकटीच. बाकीच्या दहा जणांनाही अगदी असंच वाटत होतं.

सूर्य पश्चिमेच्या कड्यापासून हातभर वर होता.

अंतोबा वळला आणि निघून गेला. पोरांना वाटलं, संपलं. पण तो बादभिंतीकडे गेला होता. परत आला तेव्हा त्याच्या हातात तो शेवटचा, खूण खरवडलेला बिल्ला होता. सगळ्यांना दिसेल असा त्यानं तो वर धरला.

"हा माझा आहे," तो म्हणाला. "मी नवा होतो तेव्हा आदल्या दिवशी अडकवला. वाटाड्याला सांगायची हिंमत झाली नाही. बाद झालो. घरी जायची लाज वाटली, म्हणून खाली नावाड्याच्या झोपडीत वर्षभर राहिलो आणि होड्या धुतल्या. आईला निरोप पाठवत राहिलो, की मी शिकतोय. त्याच वर्षी ती गेली. खोटं ऐकूनच गेली."

अंतोबानं तोंडावरून हात फिरवला आणि पुढं म्हणाला, "नगाऱ्याआधी खुंटीला हात लावू नका, हे मी तुम्हाला सांगायचं होतं. ते राहिलं. तुमची चूक नाही पोरांनो, माझी आहे. पण कडी उघडायला तुम्हीच बोलायला हवं. मला तुमच्या वतीनं बोलता येत नाही."

राहीनं एक पाऊल पुढं टाकलं. भीती गेली होती म्हणून नव्हे. भीती तशीच होती. पण समोरचा माणूस आता काठी घेऊन उभा नव्हता. तोही तिच्यासारखाच घाबरलेला होता, आणि तरी बोलला होता.

"वैद्यशाळेची सतरावी खुंटी," ती म्हणाली. "पाळण्याची खूण. मी अडकवला. कडी उघडा."

आणि मग बांध फुटला. शिल्पशाळेची नववी, माझी. गणितशाळेची तिसरी, माझी. एकेक जण पुढं येत होता आणि शेजारच्याकडे थक्क होऊन बघत होता, की अरे, तूसुद्धा? अंतोबा म्हाताऱ्या गुडघ्यांनी धावत सुटला. किल्ली फिरत होती, कड्या उघडत होत्या. राहीनं पदरानं गेरू पुसला, बिल्ला पुन्हा अडकवला, आणि सतराव्या खुंटीखालीच भिंतीला पाठ लावून बसली. तिला रडू आवरेना.

दहा कड्या झाल्या. एक राहिली. संगीतशाळेची, कोंबड्याची खूण. अंतोबा अंगणात उभा राहून विचारत राहिला, कोंबडा कुणाचा? अरे, कोंबडा कुणाचा? विनवण्या करून त्याचा आवाज बसला. पोरं एकमेकांकडे बघत होती. कुणीतरी एक जण त्यांच्यात उभा राहून ते सगळं ऐकत होता आणि त्याचं तोंड उघडत नव्हतं. सूर्य कड्याआड गेला. नोंद बंद झाल्याचा नगारा वाजला.

सकाळी मोजणी झाली तेव्हा एक जण कमी भरला. तो पहाटेच बोचकं घेऊन उतरून गेला होता. अंतोबा काठी टेकत नदीपर्यंत गेला. होडी सुटली होती.

कोंबड्याचा बिल्ला त्यानं स्वतःच्या हातानं बादभिंतीवर टांगला. बाकीचे सगळे बिल्ले काढून ठेवले. भिंतीवर दोनच राहिले.

राही वर्षभर वैद्यशाळेत शिकली. पुढच्या वर्षी नवी पोरं आली तेव्हा तीही फेरी बघायला उभी राहिली. अंतोबानं सगळ्यांना आधी पाणी पाजलं. खुंटीचा नियम सांगितला, तोही दोनदा. कुणाला काही विचारायचं आहे का म्हणाला, आणि कुणीतरी काही विचारेपर्यंत तिथून हललाच नाही. मगच तो त्यांना भिंतीपाशी घेऊन गेला. हातात काठी नव्हती. त्यानं खरवडलेल्या बिल्ल्यावर हात ठेवला. "हा माझा. मी बोललो नाही म्हणून बाद झाला." मग त्यानं कोंबड्यावर हात ठेवला. "आणि हा माझ्यामुळे बाद झाला. मी याला इतकं घाबरवलं, की याला बोलता आलं नाही. हा कोण, ते मला आजही माहीत नाही."

तेवढ्यात मागच्या रांगेतून एक आवाज आला. कापरा होता, पण नीट ऐकू आला.

"तो माझा आहे."

तात्पर्य: भ्यालेला माणूस चूक टाळत नाही, लपवतो, आणि लपवलेली चूक कुणालाच दुरुस्त करता येत नाही, म्हणून नवख्याला वाट दाखवणाऱ्यानं धाक घालण्याआधी आपण स्वतः कुठं पडलो होतो ते सांगावं.