चिमणीला हवी चिमणी

सांग बघू बाळा, चिमणी उडते की पेटते?

उडते? बरोबर!
पण पूर्वी ती पेटायचीसुद्धा.

तेव्हा गावात वीज नव्हती. बटण दाबलं आणि लख्ख, असं नव्हतं. दिवे घरीच करायचे. शाईची रिकामी बाटली घ्यायची. पत्र्याच्या टोपणाला भोक पाडायचं. भोकातून चिंधीची वात घालायची. बाटलीत रॉकेल ओतायचं. झाला दिवा! इवलासा, पिवळ्या उजेडाचा. त्या दिव्याला सगळे म्हणायचे, चिमणी.

आता ऐक हं, उडणाऱ्या चिमणीची गोष्ट.

अंबूमावशीच्या घरात, वर आढ्याला, एक घरटं होतं. तिथे चिऊ राहायची. चिऊचं एक पिल्लू होतं. एवढंसं. कापसासारखं.

एका दुपारी काय झालं?
पिल्लू घरट्यातून पडलं. टप्!
गडगड गडगड गेलं कणगीखाली. कणगी म्हणजे धान्य ठेवायची मोठ्ठी टोपली. मावशीपेक्षा उंच! कणगीखाली काळोख. काळोखात पिल्लू.

"चिव... चिव..."

चिऊ घाबरली. "मावशी, मावशी, माझं पिल्लू काढ!"

मावशी वाकली. डोळे बारीक केले. "काही दिसत नाही गं बाई. तसाच हात घातला आणि पिल्लू चेंगरलं तर? आधी चिमणी आण."

"ही काय मी! इथेच तर आहे!"

"तू नव्हे गं! पेटती चिमणी. माझी कालच फुटली. टोपण तेवढं उरलंय. बाटली नाही, वात नाही, रॉकेल नाही."

"आणते!" म्हणाली चिऊ.

टुण टुण टुण, भुर्र!

चिऊ गेली शाळेत. तिथे होते गुरुजी. त्यांच्याजवळ होती शाईची रिकामी बाटली.

"गुरुजी, गुरुजी, बाटली द्या!
बाटलीची होईल चिमणी,
चिमणीचा पडेल उजेड,
उजेडात दिसेल माझं पिल्लू!"

गुरुजी म्हणाले, "अगं, तूच चिमणी. तुला कशाला चिमणी?"

"मी उडती, ती पेटती!"

गुरुजी खो खो हसले. "बाटली देईन. पण माझ्या सदऱ्याची बाही उसवली आहे. हात वर केला की पोरं हसतात. केरबा शिंपी बाही शिवील, तर देईन. नाहीतर नाही."

टुण टुण टुण, भुर्र!

चिऊ गेली केरबा शिंप्याकडे.

"केरबादादा, केरबादादा, बाही शिव!
बाही शिवली की गुरुजी देतील बाटली,
बाटलीची होईल चिमणी,
चिमणीचा पडेल उजेड,
उजेडात दिसेल माझं पिल्लू!"

केरबा म्हणाला, "चिमणीला हवी चिमणी? उद्या कावळा मागेल कावळा!"

"मी उडती, ती पेटती!"

"बरं बरं. पण माझं मशीन अडलंय बघ. खट्... खट्... खट्... पुढे जातच नाही. हुसेनचाचांचं रॉकेल घातलं, तर चालेल. नाहीतर नाही."

टुण टुण टुण, भुर्र!

हुसेनचाचा होते रस्त्यात. त्यांची होती रॉकेलची गाडी. गाडीवर मोठ्ठी टाकी. गाडीला एक बैल.

"चाचा, चाचा, रॉकेल द्या!
रॉकेल घातलं की चालेल मशीन,
मशीन चाललं की केरबा शिवील बाही,
बाही शिवली की गुरुजी देतील बाटली,
बाटलीची होईल चिमणी,
चिमणीचा पडेल उजेड,
उजेडात दिसेल माझं पिल्लू!"

चाचा म्हणाले, "या खुदा! चिमणीच मागते चिमणी?"

"मी उडती, ती पेटती!"

"देतो बेटा. पण माझा हौश्या बैल बसलाय. बैल खाली, गाडीचं तोंड खाली. मागची तोटी बघ कशी आभाळाकडे! एक थेंब पडत नाही. हौश्या उठेल, तर देईन. नाहीतर नाही."

सूर्य झाडामागे गेला. मावशीच्या घरात पिल्लू एकटंच होतं.
"चिव..."

टुण टुण टुण! चिऊ गेली हौश्याच्या तोंडापाशी.

"हौश्यादादा, हौश्यादादा, ऊठ ना!
तू उठलास की चाचा देतील रॉकेल,
रॉकेल घातलं की चालेल मशीन,
मशीन चाललं की केरबा शिवील बाही,
बाही शिवली की गुरुजी देतील बाटली,
बाटलीची होईल चिमणी,
चिमणीचा पडेल उजेड,
उजेडात दिसेल माझं पिल्लू!"

हौश्याने मान हलवली. "हं... नाही उठणार. माझ्या कानात गोचीड. चावते, चावते, चावते! चाचांचं बोट जाडं. कानात जात नाही."

चिऊ म्हणाली, "माझी चोच बारीक आहे!"

बसली कानावर. घातली चोच.
टुच्!
गोचीड बाहेर!

"हाऽऽ!" म्हणाला हौश्या. आणि उठला!

हौश्या उठला, गाडी सरळ झाली.
गाडी सरळ झाली, तोटी खाली आली. डुबुक डुबुक, चाचांनी दिलं रॉकेल.
रॉकेल घातलं, मशीन चाललं. खटखट खटखट खटखट!
मशीन चाललं, केरबाने बाही शिवली. वर एक चिंधी दिली. "घे, वातीला!"
बाही शिवली, गुरुजींनी हात वर केला. कोणीच हसलं नाही! गुरुजींनी दिली बाटली.

मग निघाले सगळे. पुढे चिऊ, मागे गुरुजी, त्यांच्या मागे केरबा. आणि खडखड खडखड हौश्याची गाडी.

दिवेलागणीची वेळ झाली होती. मावशी दारातच उभी होती.

"आणलीस का गं?"

"आणली, आणली!"

मावशीने जुनं टोपण ठोकून नीट केलं. ठक ठक ठक!
चिंधी पिळली. झाली वात. टोपणाच्या भोकातून घातली.
बाटलीत रॉकेल ओतलं. काडी ओढली. चर्र!

पेटली चिमणी!

मावशीने चिमणी जमिनीवर ठेवली. कणगीखाली उजेड गेला. आणि काय दिसलं?
दोन डोळे! लुकलुक, लुकलुक.

"चिव!"

मावशीने हळूच हात घातला. अलगद पिल्लू उचललं. शिडीवर चढली आणि घरट्यात ठेवलं.

"घे गं बाई तुझं लेकरू."

चिऊने पिल्लाला पंखाखाली घेतलं. घट्ट, घट्ट. खाली केरबा म्हणाला, "आज एका घरात दोन चिमण्या!" सगळे हसले. पिल्लू मात्र झोपूनही गेलं.

थोड्या दिवसांनी, एका सकाळी, पिल्लू उडालं. आधी खिडकीत, मग अंगणातल्या कडुनिंबावर.