मागे सरकलेली चिठ्ठी

विषय: केतकी वैराळे यांचा नोकरीत कायम होण्याबाबतचा अर्ज.

उपरोक्त विषयास अनुसरून हकिकत अशी की, एका शहरात सॉफ्टवेअरची एक कंपनी होती. तिथली सहा जणांची टीम कालव्याच्या पाण्याची पाळी शेतकऱ्याला फोनवर कळवणारं ॲप बनवत होती. दर पंधरवड्याला झालेलं काम शेतकऱ्यांना दाखवायचं, असा नेम होता.

रोज सकाळी सगळे एका भिंतीसमोर उभे राहत. भिंतीवर तीन रकाने होते: करायचे, चालू, झाले. प्रत्येक कामाची एक चिठ्ठी. काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय, एवढंच प्रत्येकाने सांगायचं. बसलं की बोलणं लांबतं, म्हणून उभं राहायचं. पण ते उभ्यानेही लांबवता येतं, हे टीमने सिद्ध केलं होतं. फक्त तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आखूड असे: "अडचण नाही." दोन वर्षांत अडचण अशी कोणाला आलीच नव्हती. शेतकरी मात्र पाळी कधी, हे अजून कालव्याचं पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्यालाच विचारत होते.

केतकीची उमेदवारी संपत आली होती. शुक्रवारी तिच्या सगळ्या चिठ्ठ्या 'झाले'मध्ये असल्या तर टीमचे प्रमुख धारवाडकर साहेब तिला कायम करण्याची शिफारस करणार होते. नसल्या तर नोकरी संपली.

गुरुवारी तिची शेवटची चिठ्ठी, पाळीची सूचना पाठवण्याची, 'झाले'मध्ये गेली. संध्याकाळी तिने निंबाजी आबांना फोन केला. त्यांचं रान कालव्याच्या पार शेवटच्या टोकाला, आणि चाचणीच्या सूचना त्यांना जात असत.

"आबा, पाळीची सूचना आली ना?"

"आली की, पोरी. पाणी सुटलं आन् सूचना आली. मी गावातनं रानात पोचेस्तोवर पाळी सरली. निम्मा भुईमूग कोरडाच ऱ्हायला."

शुक्रवारी सकाळी केतकीने ती चिठ्ठी काढून 'चालू'मध्ये लावली.

"अगं वेडे," शेजारचा प्रफुल्ल कुजबुजला, "आजचा दिवस राहू दे. सोमवारी दुरुस्त कर. कोणाला कळतंय?"

"आबांना कळतंय."

साहेबांनी पेढे आधीच मागवले होते. "अडचण काय आहे?" त्यांनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी खरोखर विचारण्याची ती पहिलीच वेळ.

"सूचना वेळेवर जाते, सर. माणूस वेळेवर पोचत नाही. ती आदल्या दिवशी जायला हवी."

मग प्रफुल्लने खाली बघत आपली एक चिठ्ठी मागे सरकवली. मग आणखी कोणी सरकवली. दहा मिनिटांत 'झाले' हा रकाना बराच प्रामाणिक झाला.

दुपारी शेतकऱ्यांसमोर साहेबांना सांगावं लागलं, की झालंय थोडं, राहिलंय बरंच.

"ऱ्हायलंय म्हननारा सायेब पयल्यांदाच बघितला," आबा म्हणाले. "आता सांगतो, ऐका."

पुढच्या पंधरवड्यात सूचना आदल्या सांजेला गेली. पाणी आलं तेव्हा आबा खोरं घेऊन बांधावर हजर होते.

साहेबांनी केतकीची शिफारस केली. मुख्य कार्यालयाच्या फॉर्ममध्ये 'पूर्ण केलेली कामे' असा रकाना आहे, 'मागे घेतलेली कामे' असा नाही. म्हणून खुलासा मागवण्यात आला. साहेबांनी तो दोनदा पाठवला आहे. केतकी रोज कामावर येते. अर्ज प्रलंबित आहे.

तात्पर्य: अपुऱ्या कामाला अपुरं म्हणण्याचं धाडस एकाने केलं, की ते पुरं करायला बाकीचेही हात लावतात.