ठिपकीचा घेवराचा घास

ऐका हं. ही लाल गाडीतली गोष्ट आहे.

लाल गाडी निघाली कोकणातून. कुठे निघाली? पार पंजाबात, आत्याच्या घरी. पुढे बसले बाबा. त्यांच्या शेजारी बसली खाऊची पिशवी. मागे आई, आजोबा आणि छोटी तनू.

आणि आणखी एक जण. कुठे? खिडकीच्या काठावर. काळी, इवलीशी, टिंबाएवढी मुंगी. तिचं नाव ठिपकी.

ठिपकी घरचीच. देवरुखच्या स्वयंपाकघरात वाढलेली. निघताना तिनं गुळाचा एक कण घेतला होता. फणसाच्या पानाच्या तुकड्यात बांधून. तो ती खायची नाही हं. घराची आठवण आली की नुसता हुंगायची. मग परत बांधून ठेवायची.

गाडी गावोगावी थांबायची. जिथे थांबायची, तिथलं काहीतरी सगळे खायचे. नाशिकला मिसळ. बाबांच्या नाकाला पाणी. सुरतेला तुपात घोळलेली गोड घारी. तनूच्या गालाला तूप.

आजोबांची एक रीत होती. खाण्याआधी पहिला घास बाजूला काढायचा. घरी तो ताटाबाहेर ठेवायचे. गाडीत ताट कुठलं? मग डब्याचं झाकण उलटं ठेवायचं आणि त्यावर घास ठेवायचा. तो घास ठिपकीचा. म्हणून मिसळ ठिपकीनं आधी चाखली. घारीसुद्धा तिनंच आधी चाखली.

आईचीही एक रीत होती. झाकण दिसलं की डब्याला लावायचं.

मग आलं राजस्थान. बाबांनी घेतला घेवर. गोल गोल, जाळी जाळी, पाकानं चिकट. आजोबांनी ठिपकीचा घास झाकणावर ठेवला. पण ठिपकी होती खिडकीत. बाहेर उंट चालले होते ना, ते बघत बसली. सगळ्यांनी घेवर खाल्ला. आईला झाकण दिसलं. आईनं ते डब्याला लावलं. खट्.

ठिपकी आली. बघते तर घास नाही.

ठिपकी म्हणाली, "डब्या, डब्या, माझा घास दे ना."

डबा म्हणाला, "माझं झाकण घट्ट. आईनं उघडलं तर देईन."

ठिपकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. गेली आईकडे.

"डबा घास देईना. आई, आई, झाकण उघड ना."

आई म्हणाली, "माझे हात गुंतलेत. तनू रडतेय. ती हसली तर उघडीन."

ठिपकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. गेली तनूकडे.

"आई झाकण उघडेना, डबा घास देईना. तनू, तनू, हस ना."

तनू बसून बसून कंटाळली होती. तिनं नाक ओढलं. म्हणाली, "मला घोडा घोडा खेळायचंय. आजोबा उठले तर हसेन."

ठिपकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. गेली आजोबांकडे. आजोबा घोरत होते. घुर्र फूस, घुर्र फूस.

"तनू हसेना, आई झाकण उघडेना, डबा घास देईना. आजोबा, आजोबा, उठा ना."

आजोबांनी एक डोळा उघडला. म्हणाले, "चालत्या गाडीत मला झोप लागते. गाडी थांबली तर उठेन." आणि डोळा मिटला. घुर्र फूस.

ठिपकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. गेली बाबांकडे.

"आजोबा उठेनात, तनू हसेना, आई झाकण उघडेना, डबा घास देईना. बाबा, बाबा, थांबा ना."

बाबा म्हणाले, "मिसळीला थांबलो. घारीला थांबलो. घेवराला थांबलो. अशानं पंजाब कधी येणार? आता कुणी आडवं आलं तरच थांबेन."

ठिपकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. गेली खिडकीत. रस्त्यावर खड्डेच खड्डे. गाडी चालली होती हळूहळू. आणि शेजारून चालला होता एक उंट. ढपाक ढपाक, ढपाक ढपाक.

"बाबा थांबेनात, आजोबा उठेनात, तनू हसेना, आई झाकण उघडेना, डबा घास देईना. उंटदादा, उंटदादा, आडवा हो ना."

उंटानं मान खाली केली. लांबच लांब मान. नाक आलं थेट खिडकीपाशी.

उंट म्हणाला, "गाड्या येतात. माणसं आमच्याकडचं खातात, तोंड पुसतात आणि जातात. तुमच्याकडचं मला कुणी चाखायला दिलंय? दिलं तर होईन आडवा."

आता काय करायचं? ठिपकीकडे होतं तरी काय?

गुळाचा कण होता. एकच. घरचा.

ठिपकीनं पानाची पुडी सोडली. गूळ हुंगला. तिला देवरुखचं स्वयंपाकघर आठवलं. तिला रडू आलं. डोळे पुसले, आणि गूळ पुढे केला.

उंटानं जीभ काढली. लप्. उंट केवढा, गूळ केवढा. पण गूळ तो गूळ. उंटानं डोळे मिटले. जबडा फिरवला. इकडून तिकडे, तिकडून इकडे. मग हळूच म्हणाला, "तुझं गाव गोड आहे गं."

आणि उंट झाला आडवा. रस्त्याच्या मधोमध.

बाबा थांबले. कच्च.

गाडी थांबली तसे आजोबा उठले. त्यांनी विचारलं, पंजाब आला का?

तनू चढली आजोबांच्या मांडीवर. घोडा घोडा, टबडक टबडक. तनू हसली. खुदुखुदु, खुदुखुदु.

आईचे हात मोकळे झाले. थांबलोच आहोत तर थोडा घेवर खाऊ, असं म्हणून तिनं झाकण उघडलं. खट्.

उंट आडवा झाला, बाबा थांबले, आजोबा उठले, तनू हसली, आईनं झाकण उघडलं, डब्यानं घास दिला.

झाकणाला चिकटला होता ठिपकीचा घास. आईनं तो बघितला आणि कपाळाला हात लावला. "अगं बाई, हिचा घास आतच राहिला. आपण खाल्लं आणि ही उपाशी."

आजोबांनी झाकण उलटं करून गुडघ्यावर ठेवलं. म्हणाले, "ती आपल्या घरची आहे. तिचं झाल्याशिवाय गाडी हलायची नाही."

मग सगळे थांबले. बाबा थांबले. तनू थांबली. उंटसुद्धा थांबला.

ठिपकी घासापाशी गेली. त्याच्याभोवती एक गोल फेरी मारली. तुरुतुरु, तुरुतुरु. मग काय केलं असेल? घेवराचा एक कण तोडला, आणि बाजूला ठेवला. अगदी आजोबा ठेवतात तसा.

झाकणाच्या काठावर बसलं होतं एक चिलट. ठिपकीहूनही लहान. कधीपासून वाट बघत होतं, कुणास ठाऊक.

ठिपकी म्हणाली, "ये. आधी तुझा."

चिलटानं खाल्लं. मग ठिपकीनं खाल्लं. गोड गोड, जाळी जाळी, पोट भरून.

गाडी गेली पुढच्या गावाला, गोष्ट आली आपल्या उशाला.